ऑगस्टपर्यंतचं घर

नोकरीचं पत्र आलं तेव्हा बेट नकाशात सापडेना.
मग सापडलं, नेमकं घडीवर,
जिथे कागद घासून पांढरा पडतो.

लिस्बनहून आलेलं पत्र दोन ओळींचं.
विमान धुक्यामुळे दोनदा अर्ध्यातून परतलं.
तिसऱ्यांदा उतरले. पोस्टातल्या एर्मेलिंदाबाईंनी
टोपी दिली, गाडीची किल्ली दिली,
म्हणाल्या, घर मात्र तुझं तू बघ.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
इथे नुसतं मागून पाहावं.

दरीतल्या वस्तीत एक्केचाळीस घरं. मोजली मी.
तेवीस बंद.
बंद म्हणजे पडकी नव्हेत:
दर वर्षी चुना, दारांना हिरवा रंग,
खिडकीत क्रोशाचे पडदे.
मालक टोरांटोत, फॉल रिव्हरमध्ये,
काही तिथल्याच मातीत.
"भाड्याने देतील?" विचारलं
की शेजारी असे बघतात
जशी मी त्यांची दाढ मागितली.
"ते येणार आहेत."
कधी?
"येणार आहेत."

तोवर मी सेराफिमच्या चीजच्या कोठारात, माळ्यावर.
भाडं आठवड्याला चाळीस युरो, वास फुकट.
तो टोपीत बसला, केसांत बसला.
पोस्टवाली असून मला कुत्री भुंकत नाहीत,
रस्त्यावर वासरं मात्र मागे येतात.

घरांना नंबर नाहीत. पाकिटावर लिहिलेलं असतं:
तिबुर्सियुची विधवा, हौदाच्या वरच्या अंगाला.
पहिल्याच आठवड्यात मी गॅसचं बिल
एका मेलेल्या माणसाला नेऊन दिलं.
सुनेने एप्रनला हात पुसून घेतलं,
म्हणाली, तो तसाही वेळेवर भरत नसे.

महिन्याभरात सगळ्यांचे पत्ते पाठ.
पगाराच्या फॉर्मवर माझा पत्ता: द्वारा, पोस्ट.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं निदान त्याचं स्वतःचं.
माझ्या पाठीवर लोकांची वीजबिलं.

लिओन्तिनाबाई एक्क्याऐंशीच्या. चष्मा आहे,
पण तो "चांगल्या दिवसांसाठी" कपाटात.
फॉल रिव्हरच्या बहिणीचं पत्र मीच वाचून दाखवते:
कंबरेचं हाड, भाच्याचा घटस्फोट,
तिथले बटाटे, ज्यांना म्हणे चवच नाही,
आणि शेवटी, लिओन्तिना, माझं छप्पर गळतं का गं?

मी वाचायची थांबले.
बाईंनी पलीकडच्या हिरव्या दाराकडे पाहिलं,
मग माझ्या बुटांकडे.
"लिही," म्हणाल्या.
मी लिहिलं, त्या सांगतील तसं, माझ्याच अक्षरात:
एक बाई आहे. उंच आहे. चीजचा वास येतो.
एकटी आहे, कारण विचारलं नाही.
दिवे मालवायला विसरत नाही.
शेवटचं खोटं होतं. तरी लिहिलं.
तिकीटही मीच लावलं, जिभेने.

पाच आठवड्यांनी उत्तर. मीच आणलं, मीच फोडलं.
हो म्हणाली होती. अटींसकट:
मागची खोली कुलपात राहील.
संत अंतोनींचं तोंड भिंतीकडे करायचं नाही,
काही हरवलं आणि राग आला, तरीही.
परसातल्या अळकुड्या जानेवारीत काढायच्या,
अर्ध्या लिओन्तिनाला.
संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा.
आणि ऑगस्टमध्ये घर रिकामं,
या वर्षी आम्ही नक्की येणार.

"अकरा वर्षं नक्की येतायत,"
बाई म्हणाल्या, आणि पत्राची घडी घातली
तिच्या मूळच्याच रेघांवर.

मी तरीही एक खोकं जिन्याखाली तसंच ठेवलंय,
दोरी न सोडता.
कपाटात चार हँगर मोकळे.
कुलपाच्या खोलीपाशी रात्री कान देते कधी.
काही नाही. उंदीरही नाही.

पहिल्या संध्याकाळी खिडकीत दिवा लावला.
समोर लिओन्तिनाबाईंनी आपला मालवला.
मी घाबरून चपलांशिवाय धावले.
त्या अंधारात निवांत सूप पीत होत्या.
"दोघींना एक पुरे," म्हणाल्या.

त्यांचं वीजबिल मीच नेऊन देते.
या महिन्यात चार युरो कमी.